अवजार आणि त्याची खूण : जुळवणी कशी करावी

घरफोडीच्या पंचनाम्यात ‘कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला’ हे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. कोयंडा कशाने उचकटला, त्या वस्तूने चौकटीवर काय मागे सोडले आणि ते कोणी जपून उचलले का, याबद्दल मात्र पुष्कळदा एक ओळही आढळत नाही. पहार, कटावणी, छिन्नी, स्क्रू ड्रायव्हर किंवा बोल्ट कटर यांपैकी कशानेही जोर लावला, की त्या अवजाराच्या कडेची बारीक ठेवण तिच्यापेक्षा मऊ असलेल्या पृष्ठभागावर उमटते. पुढे संशयिताकडे अवजार सापडले, तर ही खूण त्याच अवजाराची आहे का, हे तपासता येते. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली संपते हे खरे. पण तेथे काय दिसणार हे त्याआधीच्या दोन टप्प्यांवर ठरते: घटनास्थळी खूण कशी उचलली, आणि प्रयोगशाळेत त्या अवजाराने तुलनेसाठी केलेल्या नव्या खुणा, म्हणजे चाचणीखुणा, कोणत्या कोनांतून केल्या. म्हणून पुढील विवेचनात या दोन टप्प्यांना अधिक जागा दिली आहे. न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी, तपासी अधिकारी आणि असा अहवाल हाती आलेले वकील या तिघांनाही ते उपयोगी पडावे, अशी अपेक्षा आहे.

खुणेचा प्रकार ओळखणे

अवजारांच्या खुणांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अवजार पृष्ठभागावर न सरकता नुसते दाबले गेले, तर दाबखूण उमटते. हातोड्याचा घाव, पकडीच्या दात्यांनी नळीवर पडलेल्या खाचा, दाराच्या फटीत कटावणी घालून ती दाबताना लाकडात उतरलेला तिच्या टोकाचा आकार ही तिची उदाहरणे आहेत. अवजार दाबाखाली सरकले, तर कडेवरील प्रत्येक बारीक उंचवटा आपली स्वतंत्र रेघ ओढत जातो आणि समांतर रेषांचा पट्टा तयार होतो. त्याला रेषाखूण म्हणू. स्क्रू ड्रायव्हर कुलपाच्या पत्र्यावरून घसरला, की अशी खूण मिळते. बोल्ट कटरने किंवा पकडीने तार तोडली, तर तुटलेल्या टोकाच्या उतारांवरही रेषाच मिळतात, कारण पाते धातूत शिरताना त्यावरून सरकत असते. प्रत्यक्षात एकाच चौकटीवर, कित्येकदा एकाच खुणेत, दोन्ही प्रकार एकत्र असतात. तुलनेसाठी चाचणीखुणा कशा करायच्या हे या फरकावरच अवलंबून असल्याने तो घटनास्थळीच नोंदवून ठेवावा.

खूण कशावर उमटली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. शिसे, तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम हे धातू बारीक रेषा चांगल्या धरतात. उघड्या लाकडात लाकडाचेच तंतू आड येतात. अशा खुणेतून अवजाराची रुंदी आणि टोकाचा आकार कळतो, पण त्यापलीकडे फारसे हाती लागतेच असे नाही. त्याच लाकडावर तैलरंगाचा जाड थर असेल, तर परिस्थिती एकदम पालटते. रंगाच्या थरात आश्चर्य वाटावे इतक्या सूक्ष्म रेषा टिकतात, आणि म्हणून जुन्या रंगवलेल्या चौकटीवरील ओरखडा किरकोळ दिसला तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

घटनास्थळी

पहिला नियम निषेधाचा आहे. संशयित अवजार खुणेत बसवून पाहू नये. ‘बरोबर बसते का’ हे पाहण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो, आणि तेवढ्याने दोन्ही पुरावे एकाच वेळी निकामी होऊ शकतात. खुणेच्या तळाशी असलेल्या रेषा नव्या स्पर्शाने पुसल्या जातात, अवजाराच्या कडेला चौकटीचा रंग लागतो, आणि तो रंग गुन्ह्याच्या वेळी लागला की पंचनाम्याच्या वेळी, या प्रश्नाला न्यायालयात उत्तर उरत नाही. बचाव पक्षाच्या वकिलाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो योग्यच असतो.

खुणेला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. आधी संपूर्ण दार, मग खूण दाराच्या कोणत्या भागात आहे हे दाखवणारे मध्यम अंतराचे चित्र, आणि शेवटी खुणेचे जवळून घेतलेले चित्र, असा क्रम ठेवावा. जवळच्या चित्रात कॅमेऱ्याचा अक्ष खुणेच्या पृष्ठभागाला काटकोनात असावा आणि मोजपट्टी खुणेच्याच पातळीवर ठेवावी. पट्टी खुणेपेक्षा वर किंवा खाली राहिली, तर नंतर घेतलेली मापे चुकतात. एक चित्र पट्टीशिवायही घ्यावे, म्हणजे पट्टीखाली काही झाकले गेले असा आक्षेप राहत नाही. समोरून पडणाऱ्या प्रकाशात रेषा सपाट होऊन हरवतात. प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा टाकला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि खूण उठून दिसते. दिव्याची दिशा बदलून तीन-चार बाजूंनी अशी चित्रे घ्यावीत, कारण एका दिशेच्या प्रकाशात दिसलेली रेष दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात दिसेलच असे नाही. ही चित्रे खुणेची नोंद म्हणून अत्यावश्यक आहेत. परंतु रेषांच्या अंतिम तुलनेसाठी केवळ छायाचित्रावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण खुणेला खोली असते आणि चित्राला ती नसते.

त्यानंतर मोजमापे घ्यावीत. खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे, दाराच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, बळ कोणत्या दिशेने लागले, समोरासमोर दोन खुणा आहेत का, हे सर्व टिपावे. कटावणी वापरताना तिचे टोक एका बाजूला रुतते आणि मधला भाग समोरच्या बाजूवर टेकून आधार घेतो, त्यामुळे चौकटीवर एक आणि दाराच्या फळीवर एक अशा जोडखुणा मिळतात. त्यांपैकी एकच उचलली जाते, हे वारंवार घडते. दार आतून फोडून चोरीचा बनाव केला आहे का, या प्रश्नाचे उत्तरही बहुधा या जोडखुणांच्या दिशेतच असते.

खुणेतील सूक्ष्म कण तिसऱ्या क्रमाने गोळा करावेत. रंगाचे कण, धातूचा कीस, तंतू हे सर्व साचा घेण्यापूर्वी वेगळे करावे लागतात, कारण साच्याचे रबर त्यांना उचलून घेते. उलट दिशेची शक्यताही लक्षात ठेवावी: शटरचा रंग अवजाराच्या टोकाला लागलेला असू शकतो, आणि रंगाचे एकावर एक असलेले अनेक थर दोन्हीकडे त्याच क्रमाने मिळाले, तर तो स्वतंत्र आणि वजनदार पुरावा ठरतो. खुणेच्या आसपास जमिनीवर धातूचा एखादा तुकडा पडला आहे का, हे बारकाईने पाहावे. स्क्रू ड्रायव्हरचे किंवा छिन्नीचे टोक कामात तुटले असेल, तर तो तुकडा आणि संशयिताकडील अवजार यांच्या तुटलेल्या कडा एकमेकींत बसतात का, हे पाहता येते. हातात वेळ थोडा असेल, तर मी आधी हा तुकडा शोधायला सांगेन. तुटलेल्या कडांची अशी बसवण रेषांच्या तुलनेहून अधिक सरळ आणि समजावून सांगायला सोपी असते.

आता खूण उचलण्याचा प्रश्न येतो. शक्य असेल तेथे खूण असलेली वस्तूच ताब्यात घ्यावी: कोयंडा, कुलूप, तारेचा तुकडा, चौकटीचा कापलेला भाग. साचा कितीही चांगला असला तरी मूळ खुणेची बरोबरी करत नाही. चौकट कापताना खुणेपासून पुरेसे अंतर सोडून कापावी. ओल्या लाकडातील खूण वाळताना आकसते, हे ध्यानात ठेवून असा भाग लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि आधी साचाही घेऊन ठेवावा. तार जप्त करताना तपासणाऱ्याला स्वतः एक काप घ्यावा लागतो. अशा वेळी गुन्ह्यातील टोक कोणते आणि आपण कापलेले टोक कोणते, हे चिठ्ठी बांधून तिथल्या तिथे दर्शवले नाही, तर प्रयोगशाळेत पोलिसांच्याच पकडीची तपासणी होण्याची भीती असते. तोडलेल्या कुलपात किल्ली घालून पाहू नये, कारण आतल्या भागांवरील खुणा बिघडतात.

वस्तू हलवणे शक्य नसेल, तर सिलिकॉन रबराचा साचा घ्यावा. दंतवैद्य दातांचे माप घेण्यासाठी वापरतात त्याच जातीचा हा पदार्थ असून, मूळ लगदा आणि तो घट्ट करणारे द्रव्य असे त्याचे दोन घटक असतात. प्रमाण उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे. मिश्रण एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकवत भरावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. उन्हाळ्यात ते झपाट्याने घट्ट होते आणि थंडीत रेंगाळते, त्यामुळे घड्याळापेक्षा बाजूला ठेवलेल्या उरलेल्या मिश्रणाच्या गोळीवर विश्वास ठेवावा: ती बोटाने दबेनाशी झाली, की साचा काढण्याजोगा झाला. काढण्यापूर्वीच त्याच्या पाठीवर वरची बाजू, दिशा, क्रमांक आणि तारीख लिहावी. पहिल्या साच्याबरोबर पृष्ठभागावरील धूळ निघून येते, म्हणून खूण मजबूत असेल तर दुसराही घ्यावा. प्लॅस्टर बुटाच्या ठशाला चालते. या कामासाठी ते फार भरड पडते.

अवजार हाती आल्यावर

अवजाराच्या टोकावर कागदाची सैल गुंडाळी करून, ते कडक खोक्यात हलणार नाही असे बसवावे आणि खुणेच्या वस्तूंपासून पूर्णपणे वेगळे, वेगळ्या खोक्यात सीलबंद करावे. रक्त किंवा ओल असेल, तर प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. मुठीवर बोटांचे ठसे आणि जैविक अंश असू शकतात, तेव्हा कोणती तपासणी आधी व्हावी हे प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रात स्पष्ट लिहावे. जप्तीची तारीख येथे केवळ औपचारिकता नसते. गुन्हा आणि जप्ती यांच्या मधल्या काळात अवजार वापरले गेले, कानशीने घासले गेले किंवा गंजले, तर त्याची कड बदललेली असते, आणि मग तेच अवजार असूनही खूण न जुळण्याची शक्यता असते. ते कुठे व कोणत्या अवस्थेत सापडले, याची नोंद म्हणूनच सविस्तर हवी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ च्या उपकलम ३ ने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद केली आहे. ती राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. चोरीसाठी रात्री केलेली घरफोडी या मर्यादेत येते. महाराष्ट्रात मुद्देमाल कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे किंवा नागपूर, पुणे, नाशिक आदी ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळांकडे जातो. तज्ज्ञ घटनास्थळी आला, तरी तो येईपर्यंत दाराला कोणी हात लावू नये याची काळजी पहिल्याने पोहोचलेल्या शिपायालाच घ्यावी लागते.

लक्षणांच्या तीन पातळ्या

वर्गलक्षणे अवजाराच्या घडणीतच ठरलेली असतात: टोकाची रुंदी, जाडी, आकार, दात्यांची संख्या व अंतर. १० मिलिमीटर रुंदीच्या टोकाने ६ मिलिमीटरची दाबखूण पडणार नाही, आणि अशा ढळढळीत फरकावरून अवजार वगळता येते. रेषाखुणेत मात्र सावध राहावे. टोकाचा एखादाच कोपरा सरकला, तर रुंद अवजाराचीही अरुंद खूण पडते. विशिष्ट लक्षणे म्हणजे घासताना, धार लावताना आणि वापरताना कडेवर योगायोगाने झालेल्या सूक्ष्म खाचा व उंचवटे. या दोहोंच्या मध्ये उपवर्गलक्षणे येतात, आणि जुळवणीतील सर्वांत फसवा भाग हाच आहे. कारखान्यात अवजार कापणाऱ्या पात्यावर किंवा साच्यावर एखादी खोट असेल, तर त्या खेपेतील अनेक अवजारांवर ती जवळजवळ जशीच्या तशी उतरते. खुणेतील साम्य अशा खोटीमुळे असेल, तर ते साम्य कपाटातील दहा अवजारांशीही आढळेल.

वर्गलक्षणे आणि विशिष्ट लक्षणे एकाच प्रकरणात कशी वापरली जातात, हे १ मार्च १९३२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झालेल्या, वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाच्या तपासात चांगले दिसते. अपहरणकर्त्याने घरगुती बनावटीची एक लाकडी शिडी मागे टाकली होती. मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेतील लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी तिच्या फळ्यांवरील रंधायंत्राच्या खुणा मोजल्या. फळीची रुंद बाजू आठ पात्यांच्या आणि कडा सहा पात्यांच्या फिरत्या रंध्याने तासल्या आहेत, हे त्यांनी पुनःपुन्हा येणाऱ्या खोटीच्या अंतरावरून काढले. फळी यंत्रातून सरकण्याचा वेगही तसाच काढला. ही सारी यंत्राची वर्गलक्षणे होती आणि त्यांचा उपयोग शोधाचे क्षेत्र आकुंचित करण्यासाठी झाला: पंधराशेहून अधिक लाकूड-गिरण्यांना पत्रे पाठवून कोहलर दक्षिण कॅरोलायनातील मॅकॉर्मिक येथील एका गिरणीपर्यंत, आणि तेथून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका वखारीपर्यंत पोहोचले. १९३४ मध्ये या गुन्ह्यातील आरोपी ब्रुनो हाउप्टमन याला अटक झाली, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये हातरंधा मिळाला. त्याच्या पात्यावरील खाचांनी पडणाऱ्या रेषा आणि शिडीवरील रेषा यांची तुलना कोहलर यांनी १९३५ च्या खटल्यात करून दाखवली. न्यायालयातच लाकूड तासून, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने रेषा उठवून त्यांनी ती ज्युरीसमोर ठेवली. खटल्याच्या निकालावर आजही मतभेद आहेत. कामाचा क्रम मात्र आजच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. अवजार हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी खुणेतून मिळेल ते सर्व काढून, लिहून ठेवले होते.

प्रयोगशाळेतही हाच क्रम पाळावा. आधी खूण तपासावी, तिची मापे, वर्गलक्षणे आणि तुलनेची योग्यता नोंदवावी, आणि मगच अवजाराचे खोके उघडावे. अवजार आधी पाहिले, की डोळे खुणेत तेच शोधू लागतात. आरोपीने कबुली दिली आहे किंवा त्याच्यावर पूर्वीचे गुन्हे आहेत, ही माहिती तपासणाऱ्याला कशासाठीच लागत नाही, आणि पाठवण्याच्या पत्रात ती लिहू नये.

चाचणीखुणा

जप्त अवजाराची प्रत्यक्ष खुणेशी तुलना करता येत नाही. त्या अवजाराने नवी खूण करून तिच्याशी तुलना करावी लागते. अवजार स्वतः पुरावा असल्यामुळे प्रथम त्याच्या कडेची छायाचित्रे आणि सिलिकॉनचा साचा घ्यावा, म्हणजे चाचणीपूर्वीची अवस्था कायम नोंदली जाते. याच वेळी कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती कशी घडवली आहे, हे ठरवावे. कडेपर्यंत येणाऱ्या लांब, अखंड, समांतर रेषा दिसल्या, तर उपवर्गलक्षणांचा संशय धरावा. कानशीने किंवा सहाणयंत्रावर घासताना झालेली अनियमित रचना आणि वापराने पडलेल्या खाचा दिसल्या, तर पुढील साम्याला अधिक वजन देता येते.

पहिल्या चाचण्या शिशाच्या पत्र्यावर कराव्यात. शिसे इतके मऊ असते, की पोलादी कडेला धक्का न लागता तिच्यावरील बारीकसारीक तपशील त्यात उतरतो. शिशावर पद्धत निश्चित झाल्यावर, गरज असेल तरच, घटनास्थळावरच्या पदार्थासारख्या पदार्थावर चाचणी करावी: तसाच रंगवलेला सागवानी तुकडा, तसाच पत्रा, तशीच तार. कठीण पदार्थावर आधी चाचणी केली, तर कडच बदलते आणि मागे परतण्याचा मार्ग राहत नाही.

आता कोनांचा प्रश्न, ज्यावर नवशिक्यांचे काम हमखास अडते. स्क्रू ड्रायव्हर पृष्ठभागाशी ३० अंशांत धरून ओढला आणि ७५ अंशांत धरून ओढला, तर कडेचे वेगवेगळे बिंदू टेकतात, आणि एकाच अवजाराच्या या दोन खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. अवजार सरकण्याच्या दिशेला काटकोनात न राहता थोडे वळलेले असेल, तर रेषांचा पट्टा अरुंद होतो आणि रेषांमधील अंतरे त्याच प्रमाणात घटतात. म्हणून १५, ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० अंश अशा टप्प्यांनी, टोकाच्या दोन्ही बाजूंनी, ओढून आणि ढकलून, अशी चाचण्यांची मालिका करावी. हाताने कोन स्थिर राहत नाही, त्यामुळे अवजार ठरावीक कोनात पक्के धरणारे साधे उपकरण बनवून घेतले, तर चाचण्या एकसारख्या येतात आणि दुसऱ्या कोणालाही त्या पुन्हा करता येतात. घटनास्थळावरील खुणेचा कोन ठाऊक नसतो. मालिकेतील कोणती चाचणी तिच्या सर्वांत जवळ येते हे पाहून, त्या कोनाच्या आसपास पाच-पाच अंशांनी पुन्हा चाचण्या घ्याव्यात. कडेखेरीज टोकाचे कोपरेही तपासावेत, कारण घसरणाऱ्या अवजाराचा बहुधा कोपराच लागलेला असतो. प्रत्येक चाचणीवर बाजू, कोन, दिशा आणि क्रमांक त्याच क्षणी कोरावा. नंतर लिहू म्हटलेले लिहिले जात नाही, आणि विनाक्रमांकाची चाचणीखूण टाकून द्यावी लागते.

कापणाऱ्या अवजारांना वेगळी काळजी लागते. बोल्ट कटरला किंवा पकडीला दोन पाती आणि प्रत्येक पात्याला दोन उतार, म्हणजे खुणा करणारे एकूण चार पृष्ठभाग असतात. शिवाय तार पात्याच्या टोकाशी कापली की सांध्याजवळ, यावर खूण बदलते. यासाठी पात्याच्या लांबीचे भाग पाडून प्रत्येक भागात शिशाची तार कापावी. हॅकसॉच्या बाबतीत अपेक्षा आधीच मर्यादित ठेवावी: प्रत्येक दाता मागच्या दात्याची खूण पुसत जातो, त्यामुळे कापाची रुंदी आणि दात्यांची घनता यांपलीकडे साधारणपणे काही सांगता येत नाही.

साच्याबाबत एक गोष्ट विसरू नये. साच्यात खुणेचे उंचवटे खाचा होतात आणि डावे-उजवे उलटते. घटनास्थळाचा साचा असेल, तर चाचणीखुणेचाही साचा घेऊन साच्याशी साचा ताडावा. मूळ खूण असेल, तर मूळ चाचणीशी ताडावी.

तुलना सूक्ष्मदर्शकाखाली

दोन सूक्ष्मदर्शक प्रकाशीय पुलाने जोडून दोन्ही नमुने एकाच दृश्यात शेजारी दाखवणारे हे उपकरण १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेल आणि कॅल्व्हिन गोडार्ड यांनी बंदुकीच्या गोळ्यांच्या तपासणीसाठी वापरात आणले, आणि आजही मुख्य साधन तेच आहे. दोन्ही बाजूंचे वर्धन सारखे, प्रकाशाचा प्रकार सारखा आणि त्याचा कोनही सारखाच असावा. सुरुवात कमी वर्धनावर, १० पटींच्या आसपास करावी आणि गरजेप्रमाणे ४० पटींपर्यंत जावे. आरंभीच फार मोठे करून पाहिले, तर रेषांचा एकूण विन्यास नजरेतून सुटतो.

पहिली तुलना चाचणीखूण आणि चाचणीखूण यांची असावी. एकाच कोनातील दोन चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील, तर ते अवजार स्वतःचीच खूण पुन्हा उमटवू शकत नाही, आणि मग घटनास्थळाच्या खुणेशी तुलना करण्यात अर्थ नसतो. कोणत्या रेषा दर वेळी येतात आणि कोणत्या प्रसंगवश, हे यातूनच कळते. यानंतर घटनास्थळाची खूण डावीकडे आणि चाचणी उजवीकडे ठेवून, मधली विभाजक रेष सरकवत पट्ट्याच्या संपूर्ण रुंदीत जुळणी शोधावी. रेषेची केवळ जागा पुरत नाही. तिची रुंदी, उंची, कडांचा उतार आणि शेजारच्या रेषांपासूनचे अंतर हे सर्व सारखे हवे. अगदी वेगळ्या अवजारांच्या खुणांतही काही रेषा योगायोगाने जुळतातच, ही बाब मनात कायम जागी ठेवावी. म्हणून ज्ञात-भिन्न अवजारांच्या खुणा मुद्दाम शेजारी ठेवून योगायोगाचे साम्य कितपत असू शकते, हे प्रत्येक तपासणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे. माझ्या मते प्रशिक्षणातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

या योगायोगाला मर्यादा घालण्याचा एक प्रयत्न म्हणजे सलग जुळणाऱ्या रेषांची मोजणी. आल्फ्रेड बियासोटी यांनी १९५० च्या दशकात त्याचा पाया घातला, आणि १९९७ मध्ये त्यांनी जॉन मर्डॉक यांच्यासह किमान निकष मांडले. खोली असलेल्या खुणेत, तीन-तीन सलग जुळणाऱ्या रेषांचे दोन वेगळे गट एकमेकांपासून त्याच सापेक्ष अंतरावर असावेत, किंवा सहा रेषांचा एक गट असावा; खोली नसलेल्या खुणेत हेच आकडे पाच-पाचचे दोन गट किंवा आठांचा एक गट असे आहेत. उपवर्गलक्षणांची शक्यता आधी दूर केलेली असेल तरच हे निकष लागू पडतात. आता पृष्ठभागाची उंची मोजणारी त्रिमितीय उपकरणे आणि संगणकीय पद्धतीही पुढे येत आहेत. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी एकापाठोपाठ एक तयार झालेल्या ५० स्क्रू ड्रायव्हर-टोकांच्या खुणांवर अशा संगणकीय तुलनेची परीक्षा घेतली आहे. आकड्यांमुळे तपासणाऱ्याचे मत इतरांना पडताळता येते, हा या पद्धतींचा खरा लाभ आहे.

निष्कर्ष आणि अहवाल

निष्कर्ष चार प्रकारचे असू शकतात: खूण त्या अवजाराची आहे असे मत, ती त्या अवजाराची नाही असे मत, निश्चित सांगता येत नाही, आणि खूण तुलनेलाच योग्य नाही. तिसऱ्या निष्कर्षाचा संकोच वाटू देऊ नये. वर्गलक्षणे जुळली पण विशिष्ट लक्षणे अपुरी पडली, तर तसेच लिहावे, आणि ‘या रुंदीच्या व आकाराच्या अवजाराने ही खूण होऊ शकते’ एवढ्यावर थांबावे. तपासाला त्याचाही उपयोग असतो. जुळवणीचे मत असो वा वगळण्याचे, दुसऱ्या पात्र तपासणाऱ्याने पहिल्याचा निष्कर्ष न कळता ते स्वतंत्रपणे पडताळावे.

भाषेबाबत फार जपावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ च्या अहवालात अवजार-खुणांच्या विश्लेषणाचा शास्त्रीय पाया मर्यादित असल्याचे स्पष्ट नोंदवले, आणि त्याच्याही आधी, २००१ मध्ये, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कूर्चेतील खुणेवरून विशिष्ट सुरी ओळखल्याचा दावा विश्वासार्ह नाही म्हणून नाकारला होता. ‘जगातील इतर सर्व अवजारे वगळून हेच’ किंवा ‘शंभर टक्के खात्रीने’ असे शब्द अहवालात येऊ नयेत. जगातील इतर सर्व अवजारे कोणीही तपासलेली नसतात. आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, पण ते मतच राहते. हिमाचल प्रदेशातील सफरचंद-उत्पादनाच्या अंदाजाशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले, की न्यायाधीशाला स्वतंत्र निर्णय करता यावा यासाठी आवश्यक ते शास्त्रीय निकष पुरवणे, हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे. त्यामुळे ‘निशाणी १ व २ जुळतात’ एवढा एका ओळीचा अहवाल पुरेसा मानू नये. कोणती लक्षणे, कुठे, किती आणि कोणत्या कोनाच्या चाचणीत जुळली, कोणती जुळली नाहीत आणि न जुळण्याचे कारण काय असावे, हे तुलनाचित्रांसह लिहावे.

सर्व चाचणीखुणा, जुळलेल्या आणि न जुळलेल्या, साच्यांसह आणि हस्तलिखित टिपणांसह सीलबंद जपून ठेवाव्यात. अवजार मुद्देमालाबरोबर परत जाते आणि कपाटात गंजू शकते. काही वर्षांनी बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने फेरतपासणी मागितली, तर तिच्यासाठी उरलेला भरवशाचा आधार या शिशाच्या पट्ट्या आणि चाचणीपूर्वी घेतलेला कडेचा साचा एवढाच असतो.